टीव्हीवरचा कार्यक्रम घरी रेकॉर्ड करायला कायद्याची परवानगी आहे, मग कॉम्प्युटरवर स्क्रीन काळी का दिसते?

समजा, धरणगाव तालुक्यातल्या एखाद्या वहीगायन मंडळाचा कार्यक्रम टीव्हीवर लागणार आहे. गावभर निरोप गेलाय, मंडळी वेळेआधीच टीव्हीसमोर बसली आहेत. मोबाइलने टीव्हीचं शूटिंग केलं तर चित्र हलतं आणि पंख्याचा आवाजही येतो, म्हणून घरातल्या एका मुलाने ऑनलाइन कॅप्चर कार्ड मागवलं. सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर त्याने कार्डात जोडली, कार्ड लॅपटॉपला लावलं आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. लॅपटॉपवर फक्त काळी स्क्रीन आली.

कार्ड बिघडलेलं नसतं आणि वायरही सैल नसते. कॉपी करता येऊ नये म्हणून सेट टॉप बॉक्सने मुद्दामच चित्र अडवलेलं असतं. ओटीटी अॅपवर सिनेमाचा स्क्रीनशॉट घ्यायला गेल्यावर जो काळा चौकोन मिळतो, तो याच जातीचा.

गंमत अशी की भारताच्या कॉपीराइट कायद्यात टीव्हीवरचा कार्यक्रम स्वतःपुरता रेकॉर्ड करायला स्पष्ट मुभा आहे. मग कायदा 'हो' म्हणतो आणि यंत्र 'नाही' म्हणतं, असं का? हे कुलूप कुणी लावलं? आणि धरणगावसारख्या ठिकाणी आज नेमकं काय करता येतं?

पूर्वी हे इतकं सोपं कसं होतं?

ऐंशीच्या दशकात ज्यांच्या घरी व्हीसीआर होता, ते लोक टीव्हीवरचा कार्यक्रम सरळ कॅसेटवर उतरवून घ्यायचे. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले आणि टीव्ही ट्यूनर कार्ड नावाची वस्तू बाजारात मिळू लागली. केबलवाल्याने घरात आणून दिलेली वायर त्या कार्डात खोचायची आणि कॉम्प्युटरवर टीव्ही बघायचा. हवं ते रेकॉर्ड करायचं आणि सीडीवर टाकून मामाच्या घरी पाठवायचं.

हे जमायचं, कारण तेव्हाचं केबलचं सिग्नल अॅनालॉग होतं. वायरमधून येणारं चित्र उघडं असायचं. टीव्ही, व्हीसीआर, ट्यूनर कार्ड, ज्याला कुणाला ते वाचता येईल तो वाचायचा. एकाच वायरला फाटा देऊन दोन खोल्यांत दोन टीव्ही चालायचे, तेही याच कारणाने.

त्यात एक अडचण होती, पण ती प्रेक्षकांची नव्हती. केबलवाल्याकडे नक्की किती घरं जोडलेली आहेत, हे ना चॅनलला कळायचं ना सरकारला. घरांचा आकडा कमी दाखवला की चॅनलला द्यायचे पैसे वाचायचे आणि करमणूक करही. हा हिशेब पक्का करण्यासाठी डिजिटल पद्धत आणायचं ठरलं.

धरणगावात नेमकं काय बदललं?

२०११ मध्ये संसदेने केबल टीव्हीच्या कायद्यात दुरुस्ती केली. त्यात एक वाक्य महत्त्वाचं आहे. केबलचालकाने कुठल्याही चॅनलचे कार्यक्रम सांकेतिक रूपात, म्हणजे कुलूपबंद करूनच, डिजिटल यंत्रणेतून पाठवायचे.

ही सक्ती चार टप्प्यांत झाली. पहिल्या टप्प्यात मुंबईसह चार महानगरं होती. दुसऱ्या टप्प्यात पुणे, नागपूर, नाशिक अशी मोठी शहरं आली, त्यांची मुदत ३१ मार्च २०१३ होती. तिसऱ्या टप्प्यात उरलेली सगळी शहरी गावं होती. धरणगावात नगरपरिषद असल्यामुळे ते या टप्प्यात आलं. या टप्प्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ ठरली होती. पाळधीसारखी तालुक्यातली गावं चौथ्या टप्प्यात गेली. त्यांची मुदत आधी ३१ डिसेंबर २०१६ होती, ती वाढवून ३१ मार्च २०१७ करण्यात आली.

म्हणजे एकाच तालुक्यात शहराची तारीख वेगळी आणि खेड्यांची वेगळी होती. शेवट मात्र सारखाच झाला. घरात सेट टॉप बॉक्स आला, चित्र स्वच्छ झालं, चॅनल वाढले आणि कॉम्प्युटरमधलं ट्यूनर कार्ड अडगळीत गेलं. वायर तीच राहिली तरी आतलं सिग्नल आता कुलूपबंद झालं होतं आणि जुन्या कार्डाकडे किल्ली नव्हती.

इथे एक बाब सहसा लक्षात येत नाही. कायद्यात 'कुठल्याही चॅनलचे' असं म्हटलं आहे. त्यामुळे दूरदर्शनच्या सह्याद्रीसारखं मोफत चॅनलसुद्धा केबलमधून येताना कुलूपबंदच यायला हवं. तेच सह्याद्री फ्री डिशवर मात्र वेगळ्या रूपात येतं. त्याबद्दल पुढे.

कुलूप असतं तरी कुठे?

कुलूप एक नसून तीन आहेत, आणि ती एकामागोमाग लागतात.

पहिलं कुलूप वायरमध्ये किंवा डिशच्या सिग्नलमध्ये. डिजिटल टीव्हीचं चित्र १८८ बाइटच्या छोट्या छोट्या पाकिटांमधून येतं. सशुल्क चॅनलची पाकिटं पाठवतानाच विस्कटलेली असतात. ती पुन्हा जुळवायची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते आणि सिग्नलसोबतच येते, पण तीही बंद पाकिटात. ते पाकीट उघडायचा अधिकार तुमच्या बॉक्समधल्या कार्डाला किंवा चिपला असतो. रिचार्ज संपला की हा अधिकार काढून घेतला जातो. सिग्नल घरात येतच राहतं, ते फक्त उघडत नाही.

दुसरं कुलूप बॉक्स आणि टीव्ही यांच्यामध्ये. एचडीएमआय वायरमधून चित्र पाठवण्याआधी बॉक्स समोरच्या यंत्राची ओळख विचारतो. या पद्धतीचं नाव एचडीसीपी, ती इंटेल कंपनीने तयार केली. समोर टीव्ही असेल तर तो योग्य उत्तर देतो आणि चित्र सुरू होतं. कॅप्चर कार्डाला ते उत्तर देता येत नाही, म्हणून काळी स्क्रीन. लॅपटॉपवर जे दिसत नाही ते हेच.

तिसरं कुलूप रेकॉर्डिंगवर. अनेक सेट टॉप बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय असते, कधी आतल्या हार्ड डिस्कवर तर कधी बाहेरून लावलेल्या पेन ड्राइव्हवर. पण ती फाइल त्या बॉक्सशी बांधलेली असते. पेन ड्राइव्ह काढून कॉम्प्युटरला लावला तर फाइल दिसते, चालत नाही. बॉक्स बिघडला किंवा कंपनी बदलली तर जुनी रेकॉर्डिंगही सहसा हातची जातात.

याशिवाय एक खूणही असते. क्रिकेटची मॅच किंवा मालिका बघताना स्क्रीनवर मध्येच एक लांबलचक आकडा चमकून जातो, तो अनेकांनी पाहिला असेल. तो बिघाड नाही. त्याला फिंगरप्रिंट म्हणतात. तो आकडा तुमच्या बॉक्सची किंवा कार्डाची ओळख असते. कुणी टीव्हीचं शूटिंग करून ते चोरून इंटरनेटवर दाखवलं, तर सिग्नल कुठल्या घरातून फुटलं ते त्यावरून शोधता येतं.

कायदा काय म्हणतो?

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. या विषयात त्याची चार कलमं कामाची आहेत.

कलम ३७ प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला तिच्या प्रक्षेपणावर हक्क देतं. हा हक्क २५ वर्षांचा असतो. परवानगीशिवाय ते प्रक्षेपण पुन्हा दाखवणं, पैसे घेऊन लोकांना दाखवणं, रेकॉर्ड करणं किंवा त्याच्या प्रती विकणं हे हक्काचं उल्लंघन ठरतं.

कलम ३९ त्याला अपवाद सांगतं. रेकॉर्ड करणाऱ्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं ध्वनी किंवा दृश्य रेकॉर्डिंग हे उल्लंघन नाही. प्रामाणिकपणे शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंगही नाही. म्हणजे कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचा कार्यक्रम एखाद्या शिक्षकाने वर्गात शिकवायला उतरवून घेतला, तर कायदा त्याच्या बाजूने आहे. बातमी देताना किंवा परीक्षण करताना त्यातला तुकडा रास्तपणे वापरायलाही हे कलम जागा देतं.

कलम ५२ मध्ये खासगी वापर, परीक्षण आणि बातमी यांसाठी मूळ कलाकृतीच्या रास्त वापराची मुभा आहे. कार्यक्रमातल्या गाण्याचा किंवा सिनेमाचा हक्क चॅनलपेक्षा वेगळ्या कुणाकडे असू शकतो, तिथे हे कलम उपयोगी पडतं.

कलम ६५अ हे २०१२ च्या दुरुस्तीने आलं. हक्कांच्या संरक्षणासाठी बसवलेलं तांत्रिक कुलूप हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यातला 'हेतूने' हा शब्द मोलाचा आहे. कायद्याने ज्याची स्पष्ट मनाई केलेली नाही, अशा कामासाठी कुलूप ओलांडणाऱ्याला हे कलम अडवत नाही. पण असं काम दुसऱ्याला करून देणाऱ्यावर एक अट आहे. त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटवणारा तपशील आणि कशासाठी हे केलं, याची पूर्ण नोंद त्याला ठेवावी लागते.

आता ही अट बाजारपेठेत उभं राहून वाचून बघा. मोबाइल आणि डिश दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाची रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर काढून द्यायची, तर त्याने रजिस्टर ठेवायचं, आणि उद्या कुणी विचारलं तर हेतू शुद्ध होता हे समजावून सांगायचं. शंभर-दोनशे रुपयांच्या कामासाठी एवढी जोखीम कोण घेईल?

परवानगी आहे, तरी कुलूप कसं चालतं?

याचं उत्तर दुसऱ्या एका नियमात आहे. दूरसंचार नियामक ट्रायने २०१७ मध्ये केबल आणि डीटीएच कंपन्या व चॅनल यांच्यातल्या व्यवहाराचे नियम केले. चॅनलचं सिग्नल हवं असेल तर कंपनीची यंत्रणा कशी असावी, याची यादी त्यांच्या परिशिष्टात आहे. त्यात म्हटलं आहे की रेकॉर्डिंगची सोय असलेल्या सेट टॉप बॉक्समध्ये कॉपी रोखणारी व्यवस्था असलीच पाहिजे. फिंगरप्रिंटची सक्तीही तिथेच आहे.

म्हणजे दोन नियम शेजारी शेजारी उभे आहेत. कॉपीराइट कायदा प्रेक्षकाला सांगतो, स्वतःपुरतं रेकॉर्ड केलंस तर तुला कुणी गुन्हेगार म्हणणार नाही. ट्रायचा नियम कंपनीला सांगतो, कॉपी होणार नाही असाच बॉक्स दे. दोन्ही एकाच वेळी पाळता येतात, कारण कलम ३९ फक्त प्रेक्षकाचा बचाव करतं. प्रेक्षकाला रेकॉर्ड करता येईल असं यंत्र द्या, असं ते कुणालाच सांगत नाही.

चॅनलवाल्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. अॅनालॉग कॅसेटची प्रत काढली की चित्र खराब व्हायचं, तिची प्रत आणखी खराब. डिजिटल फाइलची हजारावी प्रतही मूळ फाइलइतकीच स्वच्छ असते. सिनेमा टीव्हीवर लागला त्याच रात्री तो टेलिग्रामवर फिरतो, हे आपण बघतोच. पण कुलपाला माणूस ओळखता येत नाही. सिनेमा चोरणारा आणि भावाचं गाणं जपून ठेवणारा, दोघांनाही ते सारखंच अडवतं.

बाकीच्या जगात काय झालं?

हा वाद भारताबाहेर बराच जुना आहे. अमेरिकेत सोनीच्या बीटामॅक्स रेकॉर्डरविरुद्ध सिनेमा कंपन्या कोर्टात गेल्या होत्या. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला, की नंतर बघण्यासाठी घरी कार्यक्रम रेकॉर्ड करणं हा रास्त वापर आहे.

डिजिटल टीव्ही आल्यावर तोच वाद पुन्हा उभा राहिला. २००३ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने 'ब्रॉडकास्ट फ्लॅग'चा नियम केला. सिग्नलमध्ये एक छोटी खूण घालायची आणि जुलै २००५ नंतर बनणाऱ्या टीव्ही व कॉम्प्युटर कार्डांनी ती खूण दिसली की कॉपीवर बंधन घालायचं, असा तो नियम होता. ग्रंथालयांच्या संघटनेने त्याविरुद्ध दाद मागितली. मे २००५ मध्ये कोर्टाने तो रद्द केला. सिग्नल घरात पोचल्यानंतर यंत्राने काय करावं, हे सांगायचा अधिकार नियामकाला नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

नियम गेला तरी खुणेचं काम यंत्रांमध्ये शिल्लक होतं. मे २००८ मध्ये एनबीसी वाहिनीचा 'अमेरिकन ग्लॅडिएटर्स' हा कार्यक्रम विंडोज व्हिस्टाच्या मीडिया सेंटरवर रेकॉर्ड करायला गेलेल्या लोकांना कॉम्प्युटरनेच नकार दिला. सिग्नलमधल्या खुणेचा मान राखून मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरने तसं केलं होतं. आपल्या टेबलावरचा आपला कॉम्प्युटर कुणाचं ऐकतो, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा पडला.

जपानने वेगळी वाट धरली. तिथे २००४ पासून डिजिटल कार्यक्रमाची एकच प्रत ठेवता यायची. लोकांच्या तक्रारी वाढल्यावर जुलै २००८ पासून ही मर्यादा दहावर नेली. नऊ प्रती काढायच्या आणि दहाव्या वेळी मूळ फाइलच हलवायची. कुलूप राहिलं, पण प्रेक्षकाच्या वाट्याला किती येईल याचा आकडा ठरला. भारतात असा आकडा कुठल्याच नियमात नाही.

आज धरणगावात काय करता येईल?

सगळ्यात सरळ रस्ता फ्री डिशचा. दूरदर्शनची ही सेवा २००४ मध्ये सुरू झाली. तिला महिन्याचं भाडं नाही. जुन्या एमपेग-२ पद्धतीने येणारे तिचे चॅनल कुलपाशिवाय येतात. म्हणून बाजारातल्या साध्या फ्री डिश बॉक्सला यूएसबीची खाच आणि रेकॉर्डिंगची सोय असेल, तर पेन ड्राइव्हवर उतरलेली फाइल बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये चालते. कॉम्प्युटरला लावायचं डीव्हीबी-एस कार्ड मिळालं तर डिशची वायर थेट त्यात जोडूनही रेकॉर्ड करता येतं.

जागेचा हिशेब आधी करून ठेवा. साधं चॅनल सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने आलं, तर तासाला सुमारे १.८ जीबी लागतात. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. दोन तासांनंतर रेकॉर्डिंग तुटलं तर घाबरू नका, बहुधा हेच कारण असतं.

केबल किंवा सशुल्क डीटीएच असेल तर बॉक्सच्या मागे पिवळं, लाल आणि पांढरं अशी तीन तोंडं आहेत का ते बघा. त्यातून जुन्या पद्धतीचं अॅनालॉग चित्र बाहेर येतं आणि तिथे एचडीसीपीची विचारणा होत नाही. यूएसबीचं साधं एव्ही कॅप्चर कार्ड तिथे अनेकदा चालतं. चित्र एचडी मिळणार नाही, जुन्या टीव्हीसारखं मिळेल, पण घरच्या आठवणीसाठी ते पुरेसं असतं. काही बॉक्स या तोंडावरही बंधन घालतात आणि नव्या बॉक्समध्ये ही तोंडंच कमी होत चालली आहेत. जोडणी घेताना ज्या फॉर्मवर सही केली, त्यातल्या अटीही एकदा वाचून घ्या.

आणि काय करू नये? रेकॉर्ड केलेला पूर्ण कार्यक्रम यूट्यूबवर किंवा टेलिग्राम चॅनलवर टाकणं खासगी वापरात बसत नाही. तो हॉटेलात पैसे घेऊन दाखवणंही बसत नाही. रिचार्ज न करता सशुल्क चॅनल उघडून देणारे बॉक्स तर या चर्चेतही येत नाहीत, ती सरळ चोरी आहे.

आणखी एक साधा उपाय बहुतेकांना सुचत नाही. कार्यक्रमात तुमचं मंडळ किंवा घरचं माणूस असेल, तर चित्रीकरणाच्या वेळीच निर्मात्याकडे प्रत मागून ठेवा, शक्यतो लेखी. कार्यक्रम लागून गेल्यावर मागण्यापेक्षा आधी मागितलेली प्रत मिळण्याची शक्यता जास्त असते. चॅनलने तो यूट्यूबवर टाकला तर उत्तमच. पण ती लिंक चॅनलच्या हातात असते. ती कधीही काढली जाऊ शकते.

एवढा विचार कशासाठी?

कारण टीव्ही संस्था सगळं जपून ठेवतात, हा समज चुकीचा आहे. साठ आणि सत्तरच्या दशकांत ब्रिटनच्या बीबीसीने महागड्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. त्यात 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेचे कितीतरी भाग गेले. पण हरवलेल्या त्या सगळ्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे. काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेप रेकॉर्डर धरून तो उतरवून ठेवला होता, एवढंच त्याचं कारण. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी १९७९ पासून २०१२ मध्ये निधन होईपर्यंत घरी टीव्हीवरच्या बातम्या रेकॉर्ड केल्या. त्यांच्या सुमारे ७० हजार कॅसेट पुढे इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेकडे गेल्या.

खानदेशासाठी हा मुद्दा जास्तच जवळचा आहे. मोठ्या मालिका आणि सिनेमे कुठे ना कुठे सापडतात, कारण त्यात पैसा आहे. वहीगायनाचा अर्धा तास, कानबाईच्या उत्सवावरचा माहितीपट, अहिराणी बोलणाऱ्या एखाद्या आजीची मुलाखत, कोरडवाहू कापसावरची चर्चा, हे एकदा लागतं आणि जातं. ते पुन्हा कधी दाखवलं जाईल, याची कुणी हमी देत नाही. ते जपावंसं वाटणारी माणसं बहुतेक वेळा इथलीच असतात, आणि कुलूप नेमकं त्यांच्याच घरात लागलेलं असतं.

खासगी वापराची मुभा कायद्यात आधीपासून आहे. ती बॉक्सपर्यंत पोचवायची तर नियम बदलावा लागेल. निदान मोफत चॅनलची रेकॉर्डिंग कुलपाशिवाय मिळावी, किंवा जपानसारखी प्रतींची संख्या ठरवून द्यावी. ट्राय नियम बदलण्याआधी सल्लापत्र काढतं आणि लोकांच्या सूचना मागवतं. त्यावर चॅनल आणि कंपन्या हमखास बोलतात. प्रेक्षकालाही तिथे लिहिता येतं, आणि त्यासाठी वकील लागत नाही.